विश्लेषण : एजंट नसताना पुस्तक प्रकाशकापर्यंत कसं पोहोचतं? आणि पैसे नक्की कोणी कोणाला द्यायचे?

सप्टेंबर २०२५ मध्ये समाजमाध्यमांवर एका धनादेशाचा फोटो भरपूर फिरला. हिंदीतले ज्येष्ठ लेखक विनोदकुमार शुक्ल यांना 'हिंद युग्म' या प्रकाशन संस्थेने सहा महिन्यांच्या रॉयल्टीपोटी ३० लाख रुपये दिले, अशी ती बातमी होती. ही रक्कम मुख्यतः 'दीवार में एक खिड़की रहती थी' या कादंबरीच्या विक्रीतून आली होती. या कादंबरीला १९९९ मध्येच साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला होता. म्हणजे पुस्तक नवं नव्हतं.

याच लेखकाने २०२२ मध्ये जाहीर तक्रार केली होती. पुस्तकं विकली जातात, पण रॉयल्टी अगदी तुटपुंजी मिळते. करार कायद्याच्या भाषेत असतात आणि आपण विश्वासावर सह्या करत आलो, असं त्यांचं म्हणणं होतं. त्या वेळच्या प्रकाशकांना हे आरोप मान्य नव्हते. पण लेखक तोच आणि कादंबरीही तीच असताना एवढा फरक कसा पडतो, हा प्रश्न तेव्हापासून चर्चेत आहे. नव्या प्रकाशकाने केलेला प्रचार हे त्याचं एक उत्तर आहे. दुसरं उत्तर करारात सापडतं.

मराठीत पहिलं पुस्तक हातात घेऊन उभ्या असलेल्यांसाठी हा प्रश्न दूरचा नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. २०२५ मध्ये दिल्लीत आणि २०२६ च्या सुरुवातीला साताऱ्यात साहित्य संमेलनं झाली. फेसबुकवर, ब्लॉगवर, दिवाळी अंकांत लिहिणारे अनेक जण आता पुस्तकाचा विचार करतात. त्यांना पहिला सल्ला बहुतेक वेळा इंग्रजी व्हिडिओंमधून मिळतो. तो असतो, 'आधी लिटररी एजंट शोधा.' मराठीत असा एजंट जवळपास सापडतच नाही. मग पुस्तक प्रकाशकाकडे जातं कसं?

लिटररी एजंट म्हणजे नेमकं कोण?

एजंट हा लेखकाचा व्यावसायिक प्रतिनिधी. तो हस्तलिखित वाचतो, त्यात सुधारणा सुचवतो, योग्य प्रकाशकाकडे पाठवतो, कराराची बोलणी करतो. पुढे रॉयल्टीचा हिशेब तपासतो. अनुवाद, चित्रपट, ऑडिओ असे हक्क स्वतंत्रपणे विकायचं कामही त्याचंच. त्याबदल्यात लेखकाला मिळणाऱ्या पैशातून साधारण १५ टक्के कमिशन घेतो. परदेशी हक्कांसाठी हे प्रमाण २० टक्क्यांपर्यंत जातं.

यातली महत्त्वाची गोष्ट म्हणजे तो लेखकाकडून आगाऊ पैसे घेत नाही. लेखकाला पैसे मिळाले तरच त्याला मिळतात. हस्तलिखित वाचण्यासाठी किंवा 'नोंदणी' करण्यासाठी फी मागणारा माणूस स्वतःला एजंट म्हणवत असला, तरी या व्यवसायाच्या रूढ नियमात तो बसत नाही.

ब्रिटन आणि अमेरिकेत मोठे प्रकाशक सहसा एजंटमार्फत आलेलंच लेखन वाचतात. भारतात इंग्रजी पुस्तकांसाठी जयपूरची 'सियाही', दिल्लीची 'रायटर्स साइड' अशा काही एजन्सी आहेत. भारतीय भाषांमध्ये मात्र लेखक आणि प्रकाशक यांच्यामध्ये सहसा कोणीच नसतं.

मराठीत एजंट का नाहीत?

याचं उत्तर साध्या गणितात आहे. समजा, पुस्तकाची किंमत ३०० रुपये आहे आणि रॉयल्टी १० टक्के ठरली आहे. म्हणजे एका प्रतीमागे लेखकाला ३० रुपये. ५०० प्रतींची आवृत्ती काढली आणि ती पूर्ण विकली गेली, तर लेखकाचे झाले १५ हजार रुपये. त्यावर १५ टक्क्यांनी एजंटचं कमिशन होतं २,२५० रुपये. एवढ्यासाठी २५० पानं वाचायची, सहा महिने पत्रव्यवहार करायचा आणि पुढे वर्षानुवर्षं हिशेब तपासायचा, हा धंदा कोणालाच परवडणारा नाही.

त्यामुळे मराठीतल्या प्रकाशकांनी आपलं दार थेट लेखकासाठी उघडं ठेवलं. नव्या लेखकाच्या हे फायद्याचंच आहे. तोटा एवढाच, की एजंट जी कामं करतो ती नाहीशी होत नाहीत. ती लेखकाच्याच डोक्यावर येतात आणि बहुतेकांना हे सही करून झाल्यावर कळतं.

मग आजवरची पुस्तकं आली कुठून?

थेट दारातूनच. शिवाजी सावंत कोल्हापुरात शाळेत शिकवत होते, तेव्हा त्यांची 'मृत्युंजय' १९६७ मध्ये कॉन्टिनेंटल प्रकाशनाने काढली. भालचंद्र नेमाडे यांची 'कोसला' १९६३ मध्ये देशमुख आणि कंपनीकडून आली, तेव्हा नेमाडे पंचविशीत होते. दया पवार यांचं 'बलुतं' (१९७८) आणि लक्ष्मण माने यांचं 'उपरा' (१९८०) ही आत्मकथनं 'ग्रंथाली'ने वाचकांपर्यंत नेली. साहित्याच्या प्रस्थापित वर्तुळाबाहेरून आलेल्या लेखकांसाठी हे फार मोठं दार होतं.

त्या काळात एजंटचं अर्धं काम संपादक करत होते. मौज प्रकाशन गृहाचे श्री. पु. भागवत आणि 'सत्यकथा'चे राम पटवर्धन हस्तलिखितावर लेखकासोबत बसून काम करण्यासाठी ओळखले जात. मासिकात कथा छापून येणं हीच मोठी शिफारस असे. 'सत्यकथा' १९८२ मध्ये बंद पडलं. १९०९ मध्ये 'मनोरंजन'पासून सुरू झालेली दिवाळी अंकांची परंपरा मात्र टिकून आहे. आजही चांगल्या दिवाळी अंकात आलेली कथा किंवा दीर्घ लेख हा प्रकाशकाकडे जाण्याचा सर्वात भरवशाचा रस्ता आहे. कारण एका संपादकाने ते लेखन आधीच निवडलेलं असतं.

आता प्रकाशक एवढे सावध का झालेत?

पुन्हा ३०० रुपयांच्या पुस्तकाकडे पाहू. विक्रेत्याला आणि वितरकाला साधारण ४० टक्के सूट द्यावी लागली, तर १२० रुपये तिथेच गेले. ३० रुपये लेखकाचे. उरले १५०. त्यात अक्षरजुळणी, मुद्रितशोधन, मुखपृष्ठ, कागद, छपाई, बांधणी, गोदाम, टपालखर्च आणि कार्यालयाचा खर्च भागवायचा. विक्रेत्याकडून पैसे येतात कित्येक महिन्यांनी. न खपलेल्या प्रती परत येतात, त्या वेगळ्याच.

सप्टेंबर २०२५ मध्ये त्यात आणखी भर पडली. छापील पुस्तकांवर जीएसटी नाही. पण छपाईच्या कागदावरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून १८ टक्के झाला. पुस्तक करमुक्त असल्याने प्रकाशकाला कागदावर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. तो खर्च पुस्तकाच्या किमतीत जातो किंवा प्रकाशकाच्या नफ्यातून.

राज्यात शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालयांची संख्या अकरा हजारांहून अधिक आहे आणि त्यांची खरेदी हा मराठी पुस्तकांचा मोठा आधार. पण ही ग्रंथालयं सरकारी अनुदानावर चालतात. अनुदान लांबलं की खरेदीही लांबते. त्यामुळे एकेकाळी हजार-अकराशे प्रतींची असणारी पहिली आवृत्ती आता अनेकदा पाचशे, तीनशे किंवा मागणीनुसार छपाईवर आली आहे. नवा लेखक घेताना प्रकाशक दहादा विचार करतो, त्यामागे हे सगळं असतं. कवितासंग्रहाला 'सध्या घेत नाही' हे उत्तर सर्वाधिक मिळतं, तेही याच कारणाने.

कोणत्या प्रकाशकाकडे जायचं?

इथे सर्वात जास्त चुका होतात. ५० पत्ते गोळा करून एकच ईमेल सगळ्यांना पाठवला जातो आणि उत्तर कुठूनच येत नाही.

प्रत्येक प्रकाशकाची एक जात असते. ज्योत्स्ना प्रकाशन बालसाहित्यासाठी ओळखलं जातं. मेहता पब्लिशिंग हाऊसचा भर बराच काळ अनुवादांवर राहिला आहे. लोकवाङ्मय गृहाची ओळख डाव्या आणि परिवर्तनवादी वैचारिक पुस्तकांची आहे. गुंतवणुकीवरचं पुस्तक आणि ग्रामीण कादंबरी एकाच ठिकाणी स्वीकारली जाईल, असं क्वचितच घडतं.

सोपा मार्ग म्हणजे ग्रंथालयात जाऊन आपल्या पुस्तकासारखी, गेल्या तीन-चार वर्षांत आलेली दहा पुस्तकं काढायची. त्यांच्या आतल्या पानावरून प्रकाशक लिहून घ्यायचे. मग त्या संस्थेच्या वेबसाइटवर हस्तलिखितं कशी स्वीकारतात, ते पाहायचं. माहिती नसेल तर कार्यालयात एक फोन पुरतो. 'हस्तलिखित कोणाच्या नावे पाठवायचं, छापील की ईमेलने?' एवढं विचारलं तरी बरंच काम होतं. इंदूर, बडोदा किंवा परदेशात राहणाऱ्यांनाही आता पुण्या-मुंबईला खेटे घालावे लागत नाहीत.

हस्तलिखित पाठवताना काय तयार ठेवायचं?

कादंबरी, कथासंग्रह किंवा ललित लेखन पूर्ण झालेलं हवं. 'तीन प्रकरणं झालीत, पसंत पडली तर पुढची लिहीन' हे पहिल्या पुस्तकाला चालत नाही. माहितीपर किंवा संशोधनपर पुस्तकासाठी मात्र आराखडा, प्रकरणांची यादी आणि दोन तयार प्रकरणं एवढ्यावरही बोलणं सुरू होऊ शकतं.

मजकूर युनिकोडमध्ये टाइप केलेला असावा. जुन्या फॉन्टमधली फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की जोडाक्षरं फुटतात आणि वाचणारा पहिल्याच पानावर थांबतो. वर्ड फाइल आणि तिचीच पीडीएफ सोबत द्यावी. पानांना क्रमांक हवेत. पहिल्या पानावर नाव, फोन, ईमेल आणि शब्दसंख्या. सजावट, रंगीत अक्षरं, स्वतः केलेलं मुखपृष्ठ यांची गरज नसते. शुद्धलेखन मात्र एकदा दुसऱ्या कोणाकडून तपासून घ्यायला हवं.

सोबतचं पत्र एका पानाचं पुरतं. त्यात चार गोष्टी याव्यात. पुस्तक कशाबद्दल आहे, हे पाच-सहा वाक्यांत. ते कोण वाचेल. लिहिणाऱ्याचा या विषयाशी संबंध काय. आणि यातलं काही आधी कुठे छापून आलं आहे का. ब्लॉगवर किंवा फेसबुकवर आलेलं असेल तर तेही स्पष्ट सांगावं. काही प्रकाशकांना त्यात वाचकवर्ग दिसतो, काहींना आधीच वाचून झालेला मजकूर. नंतर कळलं तर मात्र दोघेही नाराज होतात.

कादंबरीचा सारांश द्यायचा असेल तर शेवटही सांगावा. मलपृष्ठावरच्या मजकुरासारखं 'पुढे काय होतं ते वाचा' असं लिहून उपयोग नसतो. निर्णय घेणाऱ्याला पुस्तक कुठे जातं ते कळायला हवं.

एकाच वेळी अनेकांना पाठवलं तर चालतं का?

कायद्याने बंदी नाही. प्रथा मात्र वेगळी आहे. मराठीत बरेच प्रकाशक एका वेळी एकाकडेच हस्तलिखित असावं, असं धरून चालतात. कारण ते वाचायला बाहेरच्या जाणकाराकडे दिलं जातं. त्यात वेळ आणि पैसा दोन्ही जातं. दोघांना पाठवलं असेल तर पत्रात तसं लिहिणं हा सरळ मार्ग.

वाट पाहण्यालाही मुदत हवी. उत्तर यायला तीन ते सहा महिने लागणं नेहमीचं आहे. तीन महिन्यांनी विनम्र आठवण करावी. सहा महिन्यांनंतरही उत्तर नसेल, तर 'हस्तलिखित मागे घेत आहे' असं लेखी कळवून पुढच्या दाराकडे जावं. कोणाकडे कधी पाठवलं, काय उत्तर आलं, याची वहीत नोंद ठेवावी. एजंट असता तर त्याने हेच केलं असतं.

आणि 'साभार परत' आलं तर? पत्र छापील मजकुराचं असेल तर त्यातून अर्थ काढत बसू नये. कारण दिलं असेल, तर ते जपून ठेवावं. तीन ठिकाणांहून 'सुरुवात लांबली आहे' असं आलं, तर सुरुवात लांबलेलीच असते.

कोणी लेखन चोरलं तर?

ही भीती अनेकांना हस्तलिखित पाठवण्यापासून अडवते. भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार लेखन तयार होताच त्याचा कॉपीराइट लेखकाकडे असतो. नोंदणी सक्तीची नाही. ती हवी असेल तर साहित्यकृतीसाठी ५०० रुपये शुल्क भरून करता येते आणि वाद झाल्यास पुरावा म्हणून उपयोगी पडते. लेखक हयात असेपर्यंत आणि त्यानंतर ६० वर्षं हा हक्क टिकतो.

तारखेसह पाठवलेला ईमेल हाही पुरावाच असतो. प्रत्यक्षात नव्या लेखकाचं हस्तलिखित चोरीला जाण्यापेक्षा, त्याने स्वतःच सही करून सगळे हक्क देऊन टाकण्याचा धोका कितीतरी मोठा आहे.

प्रकाशकाने लेखकाकडेच पैसे मागितले तर?

आज नव्या लेखकाला हा प्रश्न फार लवकर पडतो. हस्तलिखित पाठवून चार दिवसही होत नाहीत, तोवर 'आपलं लेखन निवडलं आहे' असा फोन येतो. पाठोपाठ पॅकेजची यादी. त्यात आयएसबीएन क्रमांक, मुखपृष्ठ, ऑनलाइन विक्री, प्रकाशन समारंभ, सन्मानपत्र असं बरंच काही असतं.

आयएसबीएन या १३ अंकी क्रमांकाचं उदाहरण बोलकं आहे. भारतात राजा राममोहन रॉय राष्ट्रीय आयएसबीएन एजन्सी तो मोफत देते. लेखक स्वतः प्रकाशक असेल तरी त्याला अर्ज करता येतो. फुकट मिळणाऱ्या गोष्टीची किंमत पॅकेजमध्ये लावलेली असेल, तर बाकीच्या रकान्यांकडेही बारकाईने पाहिलेलं बरं.

खरा फरक धोका कोण घेतो, यात आहे. प्रकाशकाने स्वतःचे पैसे घातले असतील तर प्रत विकली गेल्याशिवाय ते परत येत नाहीत. म्हणून तो विक्रेत्यांकडे जातो, प्रदर्शनात टेबल मांडतो, परीक्षणासाठी प्रती पाठवतो. समजा, लेखकाने ५०० प्रतींसाठी ६० हजार रुपये आधीच दिले आणि छपाईचा सगळा खर्च व नफा त्यातच निघाला. मग एकही प्रत विकली नाही तरी प्रकाशकाचं काही अडत नाही. अशा वेळी ३०० प्रतींचे गठ्ठे लेखकाच्या घरी येतात. समारंभाला आलेल्या पाहुण्यांना ५० वाटल्या जातात. उरलेल्या माळ्यावर जातात. निवृत्तीच्या पैशातून, कर्ज काढून किंवा दागिने मोडून पुस्तक काढणाऱ्यांची फसगत इथेच होते.

स्वतःच्या खर्चाने पुस्तक काढण्यात कमीपणा काहीच नाही. कौटुंबिक आठवणी, गावाचा इतिहास, मर्यादित वाचकांसाठीचा अभ्यास अशा पुस्तकांना तो योग्य मार्ग ठरू शकतो. पण तेव्हा लेखक हा गिऱ्हाईक असतो आणि समोरचा छपाई-सेवा देत असतो. हे दोघांनाही स्पष्ट हवं. पैसे देण्याआधी चार प्रश्न लेखी विचारावेत. किती प्रती छापणार आणि त्यातल्या किती कोणाकडे राहणार? छपाईचं बिल दाखवणार का? पुस्तक कोणत्या दुकानांत प्रत्यक्ष ठेवणार? सगळा खर्च लेखकाचा असेल तर हक्क प्रकाशकाकडे का? शेवटच्या प्रश्नाचं समाधानकारक उत्तर सहसा मिळत नाही.

करारात नेमकं काय पाहायचं?

मराठीत कित्येक पुस्तकं आजही शब्दावर निघतात. नातं चांगलं असेपर्यंत ते निभावतं. पण कॉपीराइट कायद्याचं १९ वं कलम लेखकाच्या बाजूने बरंच काही सांगतं आणि ते माहीत असायला हवं.

हक्कांचं हस्तांतर लेखी आणि सही केलेलं असेल तरच वैध ठरतं. करारात कोणतं पुस्तक, कोणते हक्क, किती काळासाठी, कोणत्या प्रदेशासाठी आणि रॉयल्टी किती, हे लिहिलेलं असावं लागतं. काळ लिहिला नसेल तर तो पाच वर्षं धरला जातो. प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. करारात वेगळं काही म्हटलं नसेल आणि हक्क घेऊन एक वर्षात त्यांचा वापरच केला नाही, तर ते हक्क लेखकाकडे परत येतात. २०१२ च्या दुरुस्तीनंतर, करार करताना अस्तित्वात नसलेल्या माध्यमाचे हक्क त्या माध्यमाचा स्पष्ट उल्लेख असल्याशिवाय दिले गेले असं मानता येत नाही.

हे संरक्षण मुख्यतः गाळलेल्या जागांसाठी आहे. 'सर्व हक्क, सर्व भाषांसाठी, कायमस्वरूपी' असं लिहून खाली सही असेल, तर पाच वर्षांचा आधार उरत नाही. म्हणून काही ओळी सहीआधीच बदलून घ्यायला हव्यात.

एक, हक्क वेगवेगळे मोजावेत. छापील मराठी पुस्तकाचा हक्क देताना ई-बुक, ऑडिओ, अनुवाद, चित्रपट आणि वेबमालिका आपोआप जाता कामा नयेत. स्टोरीटेलसारख्या सेवांमुळे मराठी ऑडिओ पुस्तकांना आता स्वतंत्र बाजार आहे. प्रकाशकाला हे हक्क हवे असतील तर त्यातला लेखकाचा वाटा लिहावा.

दोन, रॉयल्टी छापील किमतीवर की सूट वजा करून मिळणाऱ्या रकमेवर? ३०० रुपयांच्या पुस्तकावर ४० टक्के सूट गेली तर १० टक्क्यांचे ३० रुपये होतात की १८, ते या एका शब्दावर ठरतं.

तीन, हिशेब. आवृत्ती किती प्रतींची, हे कळवण्याची आणि वर्षातून एकदा विक्रीचा लेखी तपशील देण्याची अट हवी. रॉयल्टीबद्दलच्या बहुतेक भांडणांचं मूळ आकडे न कळण्यात असतं.

चार, हक्क परत येण्याची अट. पूर्वी 'आवृत्ती संपल्यावर दोन वर्षांत नवी काढली नाही तर हक्क परत' असं लिहिणं पुरत होतं. आता मागणीनुसार एकेक प्रत छापता येते. त्यामुळे आवृत्ती कधी संपतच नाही आणि पुस्तक दुकानात नसतानाही कागदोपत्री 'उपलब्ध' राहतं. म्हणून ही अट विक्रीला जोडावी. सलग दोन वर्षं ठरलेल्या संख्येपेक्षा कमी प्रती विकल्या गेल्या, तर हक्क लेखकाकडे.

बदल मागितल्याने संधी जाईल, असं नव्या लेखकांना वाटतं. वाजवी बदल विचारल्यावर चांगला प्रकाशक चर्चा करतो. काही गोष्टी मान्य होतात, काही होत नाहीत. विचारल्याबरोबर जो चिडतो, तो पुढे हिशेब मागितल्यावर काय करेल, याचा अंदाज तिथेच येतो.

पैसे नसतील आणि प्रकाशकही मिळत नसेल तर?

महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकासाठी अनुदान देतं. मंडळ ठरावीक मुदतीत हस्तलिखितं मागवतं आणि ती तपासून निवड केली जाते. कविता, कथा, कादंबरी, नाटक असे प्रकार त्यात येतात. निवड झाली तर पैशासोबत एक बाहेरची पसंतीही मिळते. प्रकाशकाला तिचं महत्त्व असतं.

ई-बुक हा दुसरा पर्याय. अ‍ॅमेझॉनच्या किंडल सेवेवर मराठी पुस्तक लेखकाला स्वतः चढवता येतं आणि त्यासाठी सुरुवातीला पैसे लागत नाहीत. वाचक मिळवण्याचं काम मात्र पूर्णपणे स्वतःलाच करावं लागतं.

मग एजंट कधीच लागत नाही का?

लागू शकतो, पण पुढच्या टप्प्यावर. मे २०२५ मध्ये कन्नड लेखिका बानू मुश्ताक यांच्या कथांच्या 'हार्ट लॅम्प' या इंग्रजी अनुवादाला आंतरराष्ट्रीय बुकर पुरस्कार मिळाला. अनुवाद दीपा भास्ती यांचा. भारतीय भाषेतलं पुस्तक इंग्रजीत आणि पुढे इतर देशांत न्यायचं असेल, तेव्हा वेगवेगळ्या देशांचे हक्क वेगवेगळ्या प्रकाशकांना विकावे लागतात. ते काम एकट्या लेखकाच्या आवाक्याबाहेरचं असतं. पण तिथे पोहोचायचं असेल तर अनुवादाचे हक्क लेखकाच्या हातात राहिलेले हवेत. पहिल्या मराठी करारात ते 'सर्व हक्क'मध्ये गेले असतील, तर पुढे एजंट मिळूनही त्याच्याकडे विकायला काही उरत नाही.

तोवर एजंटचं काम विभागून करता येतं. लेखन तपासायला दोन स्पष्टवक्ते वाचक, प्रकाशकाची माहिती द्यायला त्याच संस्थेकडून पुस्तक आलेला एखादा लेखक आणि करार वाचायला वकील. वकिलाची एकदाच द्यावी लागणारी फी पॅकेजच्या तुलनेत किरकोळ असते. आणि कराराचा मसुदा घरी नेऊन वाचायला आठवडाभर द्यायला जो प्रकाशक तयार नसेल, तिथे सही करायची घाई करू नये.